बेचाळीस जणी आणि एक बिल्ला

आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात. सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यांना तोटा नाही, पण ढिगातून आमचा शर्ट मी नुसता कॉलरला हात लावून काढून दाखवेन. ती कॉलर बुद्धप्रिया तळभंडारे शिवते. कॉलर म्हणजे शर्टातलं सगळ्यात हट्टी काम. दोन्ही टोकं सारखी यायला हवीत, आतलं कडक कापड सुरकुतता कामा नये, आणि पोराच्या मानेला शिवण टोचली तर दुसऱ्या दिवशी शाळेचा फोन ठरलेला. बाकीच्या बायका आज बाहीवर, उद्या खिशावर अशा फिरत असतात. कॉलरवर अकरा वर्षं ही एकटी बसली आहे.

मी देवयानी. त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग आणि पत्रव्यवहार बघते. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. पण तापट माणसाचा उपयोग तो वेळेवर तापला तर. मी चार महिने उशिरा तापले.

प्रश्न काय होता तर एवढाच. बुद्धप्रियाला दिवसातून सहा वेळा संडासला जावं लागतं, तर तिची नोकरी राहणार की जाणार? हसू नका. या एका प्रश्नावर आमच्या ऑफिसात मीटिंगा झाल्या आहेत, आणि त्यात चहाबरोबर बिस्किटंही होती.

आमचे जुने मालक कमलाकरशेठ. माणूस कडक, पण कोण बाई किती वेळा उठली हे बघण्यात त्यांना कधी रस नव्हता. "संध्याकाळी माल मोजून द्या, दिवसभर काय करायचं ते करा," म्हणायचे. यंदा संक्रांतीनंतर त्यांनी कारभार मुलाच्या हाती दिला. पृथ्वीराज पुण्याला मॅनेजमेंट शिकून आलेले. पहिला आठवडाभर ते मशिनींच्या मधून मोबाईल घेऊन हिंडले, आणि त्यांना शोध लागला की बायका बाहेर फार जातात. बाहेर म्हणजे अंगणापलीकडच्या संडासात. मग त्यांनी एक पितळी बिल्ला करून आणला, तळहाताएवढा, वर एकचा आकडा ठोकलेला. सुपरवायझर महादेवप्पांच्या टेबलामागे भिंतीला खिळा ठोकून तो टांगला. जिला जायचं तिनं बिल्ला घेऊन जायचं. ती परत आली, बिल्ला खिळ्यावर लागला, की मग दुसरीनं उठायचं. बेचाळीस मशिनी आणि बिल्ला एक.

नोटीस मीच टाइप केली. "स्वच्छतागृहाचा वापर सुनियोजित व्हावा या हेतूने" हे शब्द माझे. पृथ्वीराजसरांनी वाचून "छान लिहिलंय मॅडम" म्हटलं, आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

बुद्धप्रियाला काय झालंय हे मला तिच्या वडिलांकडून कळलं. हरिदासकाका रोज दुपारी एक वाजता सायकलवरून तिचा डबा घेऊन येतात. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, कधी दुधी. सोलापूरची बाई आणि पानात कडक भाकरी नाही, शेंगाचटणी नाही! बाकीच्या जणी तिला चिडवतात, "तू कसली ग सोलापूरची, तू तर बाळंतीण." ती हसते आणि भात कालवते. ती जेवेपर्यंत काका ऑफिसच्या पायरीवर बसतात. तिथंच थोडं थोडं करून त्यांनी मला सगळं सांगितलं.

एकोणिसाव्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. जेवली की कळा, मग जुलाब, मग ताप. वजन चौतीस किलोवर आलं. डॉक्टर म्हणाले, आतड्याचा टीबी. नऊ महिने गोळ्या झाल्या. फरक पडेना, तर दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा टीबीच्याच गोळ्या सुरू केल्या. टीबीचं आणि तिच्या खऱ्या आजाराचं रूप इतकं सारखं असतं म्हणे, की भले भले चकतात. चुकू दे, माणूस चुकतो. पण दीड वर्ष पोरगी वाळत चालली होती, ते तर आंधळ्यालाही दिसलं असतं. शेवटी आतडंच बंद पडलं. पोट फुगलं, उलट्या थांबेनात, आणि एका दवाखान्यात तातडीनं ऑपरेशन करून लहान आतड्याचा शेवटचा दोन फूट भाग कापून काढला.

आणि मग ती बाटली. आपल्याकडची रीतच आहे ही. कापलेला भाग औषधाच्या पाण्यात घालून बाटली नातेवाइकाच्या हातात द्यायची आणि सांगायचं, जा, लॅबमध्ये नेऊन दे. हरिदासकाका रिक्षात बसले, बाटली मांडीवर. लेकीचं आतडं.

"मी बगितलं की वो, ताई," काका मला म्हणाले. "निबार झाल्यालं, पाइपावानी. आत बोट जाईना इतकं आवळल्यालं. म्हनलं, ह्येच ते. आता गेलं भायेर. डोळ्यांनी बगितल्यावर आनखी काय पायजे?"

लॅबचा कागद आला. त्यावर क्रोन नावाचा आजार लिहिला होता. डॉक्टरांनी राउंडला उभ्या उभ्या सांगितलं, ऑपरेशनने अडथळा जातो, आजार जात नाही, गोळ्या चालू ठेवा. किती वेळ सांगितलं? काका म्हणतात, चप्पल घालायला लागतो तेवढा. त्यांनी अर्धं ऐकलं आणि उरलेलं अर्धं बाटलीत बघितलेलं होतंच. पोरगी दोन महिन्यांत भरली, गालावर रंग आला. काकांनी विहारात खीरदान केलं, अख्ख्या वस्तीला खीर वाढली, आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. रोग बाटलीतून गेला, मग गोळ्या कुणासाठी?

मी काकांना दोष देत नाही. त्यांच्या हातात आतडं देणाऱ्यांना देते. ज्या माणसावर बाटली पोचवण्याएवढा विश्वास टाकता, त्याला खुर्चीवर बसवून दोन वाक्यं नीट सांगता येत नाहीत? हा आजार परत येतो, बहुतेक वेळा जिथं जोडलंय तिथंच येतो, आणि गोळी ही त्याच्या दारावरची कडी आहे. एवढंच सांगायचं होतं. पण आमच्याकडे गरिबाला काम सांगतात, कारण सांगत नाहीत.

पाच वर्षांनी आजार बरोबर त्याच जोडावर परत आला. दुसरं ऑपरेशन. या वेळी आत पू झालेला, म्हणून जोड लगेच देता आला नाही. पोटाला छिद्र करून बाहेर पिशवी लावली आणि ती पाच महिने राहिली. बुद्धप्रिया तेव्हा सव्वीस वर्षांची. तिनं काय केलं असेल? घरात पडलेल्या निळ्या गणवेशाच्या कापडातून त्या पिशवीला खोळ शिवली, काठाला बारीक दुमड घालून. वॉर्डातल्या सिस्टरनं ती बघितली आणि आणखी मागितल्या. आजही तिथून निरोप आला की ही रविवारी बसून खोळी शिवते.

लग्न जुळवताना नातेवाइकांनी सांगितलं होतं, अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगून टाक. ती बघायला आलेल्या सुमितला पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली, "माजं पोट दोनदा फाडलंय. परत फाडावं लागंल का, म्हाईत न्हाय. गोळी जन्मभर हाय." सुमित वायरमन आहे. तो म्हणाला, "मला करंट दोनदा लागलाय. तिसऱ्यांदा लागंल का, मलाबी म्हाईत न्हाय." झालं, ठरलं.

त्यालाही आता अकरा वर्षं होतील. दुसऱ्या ऑपरेशनला बारा झाली. या बारा वर्षांत तिला तिसरं ऑपरेशन लागलं नाही, कारण तिनं एक दिवस गोळी चुकवलेली नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासते. दर महिन्याला एक इंजेक्शन घेते, कारण आतड्याचा जो भाग काढला तोच एक जीवनसत्त्व रक्तात ओढून घ्यायचा. वर्षा-दोन वर्षांनी आत नळी घालून तो जोड बघतात. आणि दिवसातून सहा वेळा जावं लागतं, कधी सात. पित्त शोषून घेणारा तुकडाच राहिला नाही, ते पित्त खाली उतरतं आणि मग आतडं थांबत नाही. कळ आली की थांबता येतं ते दोन मिनिटं, फार तर तीन. एवढं सोडलं तर बाई ठणठणीत आहे. बेचाळीस जणींत सगळ्यात कमी रजा तिच्या. हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. बाई एक तर अंथरुणाला खिळलेली हवी, नाही तर पूर्ण बरी. मधल्या जागेत उभं राहायला तिला कुणी देत नाही.

बिल्ला लागला तसं बुद्धप्रियानं तिच्या डॉक्टरांचं पत्र आणून दिलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या आहेत, आजार आटोक्यात आहे, पूर्ण वेळ काम करू शकते, मात्र संडासला जायला अडथळा नसावा. स्वच्छ मराठीत, चार ओळी.

पृथ्वीराजसरांनी ते माझ्यासमोर वाचलं. "ऑपरेशन झालंय ना? आणि एकदा नाही, दोनदा. मग आता काय प्रॉब्लेम आहे? बरी असेल तर बाकीच्यांसारखा बिल्ला घेऊन जा. आजारी असेल तर घरी बसून आराम कर. दोन्ही एकदम कसं चालेल?"

म्हणजे बघा. हरिदासकाका चौथी शिकलेले, त्यांनी निदान बाटली तरी बघितली होती. आमच्या सरांनी बाटलीही न बघता तीच चूक केली, आणि तीही इंग्रजी पुस्तकं वाचून.

त्यांनी फर्मान काढलं, पूर्ण बरी असल्याचं सर्टिफिकेट पंधरा दिवसांत आणा, नाही तर कामावरून कमी. डॉक्टरांनी साफ नकार दिला. हा आजार पूर्ण बरा होतो असं लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, म्हणाले. पंधराचे तीस दिवस झाले, तीसचे साठ झाले. शाळा उघडायचा हंगाम जवळ आला होता आणि कॉलरवर दुसरं माणूस मिळत नव्हतं, म्हणून मुदत नुसती वाढत गेली. ती मात्र सकाळी उपाशी यायला लागली. पोटात काही नसलं तर कळ कमी येते, असा तिचा हिशेब. काका एक वाजता आणलेला डबा पाचला तसाच परत न्यायला लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी खिडकीतून हे बघत होते आणि पत्रं टाइप करत होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. दुपारचे तीन वाजलेले. बिल्ला भुवनेश्वरी घेऊन गेली होती. तिची पाळी आलेली, तिला वेळ लागणारच, तिचा काय दोष? बुद्धप्रिया मशीन थांबवून उठली आणि रिकाम्या खिळ्यापाशी येऊन उभी राहिली.

"बिल्ला येऊ द्या की," महादेवप्पा म्हणाले.

"दादा, न्हाय थांबनार. जाऊ द्या."

"रूल हाय बाई. मी काय करू? आज तुला सोडलं तर उद्या समदे सुटतेत."

ती दाराकडे निघाली, तर ते आडवे झाले. हात लावला नाही, नुसते आडवे उभे राहिले. दोन मिनिटं गेली असतील. मग जे व्हायचं ते उभ्या जागी झालं, चाळीस बायकांच्या समोर.

ती रडली नाही. कटिंगच्या टेबलावरून पांढऱ्या कापडाचा एक पट्टा ओढला, कमरेला गुंडाळला आणि बाहेर गेली. आणि महादेवप्पांच्या तोंडून काय निघावं? "अवो, त्ये कापड ऑर्डरचं हाय!"

सगळ्या मशिनी बंद पडल्या होत्या. मी ऑफिसात बसले होते. माझ्या टेबलाच्या खणात, पिनांच्या डबीखाली, एक किल्ली असते. ऑफिसच्या संडासची. तो माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर आहे आणि कॉलरच्या मशीनपासून फार तर वीस. त्याला कुलूप का, तर बाहेरच्यांनी वापरू नये म्हणून. बाहेरच्या म्हणजे कोण, हे आम्ही ऑफिसातले कधी मोठ्यानं बोललो नाही, पण आम्हाला माहीत होतं. चार महिने ती किल्ली माझ्या हाताशी होती. चार महिने मी ती द्यायचा विचारसुद्धा केला नाही. आम्हाला बिल्ला नव्हता, म्हणून मला बिल्ला दिसलाच नाही. त्या दिवशी मला पृथ्वीराजसरांचा आला त्याहून जास्त राग माझा आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

सगळ्यांना वाटलं, आता ती काही परत येत नाही. शुक्रवारी सकाळी ती रोजच्या वेळेला आली. हातात तो पांढरा पट्टा, धुऊन इस्त्री केलेला. तो तिनं कटिंगच्या टेबलावर ठेवला. "ऑर्डरचं कापड आनलंय, दादा." महादेवप्पांनी मान वर केली नाही.

मी पुढे झाले आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "ऑफिसचं वापर. कुणाला विचारू नको. काही झालं तर मी बघते."

तिनं किल्लीकडे बघितलं आणि माझी मूठ उघडून परत ठेवली. "ताई, तुमी चांगल्या मनानं देताय. पन मला एकलीला नगं. काल मागनं कळल्यावर भुवनेश्वरी रडत हुती, मला कळ आलीया म्हनून तिला म्हाईत असतं तर ती तशीच उठून आली असती म्हनं. हे असं जगायचं का आमी? हितं बेचाळीस जनी हायत."

मग ती खिळ्याकडे गेली, बिल्ला काढला आणि सरळ पृथ्वीराजसरांच्या केबिनमध्ये शिरली. मी मागोमाग. तिनं बिल्ला टेबलावर ठेवला.

"सायेब, मी कॉलर शिवते. लागलं की जानार, आल्यावर परत शिवनार. ईचारनार न्हाय. तुमाला मला काडायचं आसंल तर काडा, मी भांडनार न्हाय. पन कागदावर खरं कारन लिवा. संडासला गेली, म्हनून काडली. तेवडंच लिवा आनि खाली तुमची सही करा. तो कागद मी संबाळून ठेवीन."

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली आणि मशीन सुरू झालं.

सर लालबुंद झाले. "टाइप करा मॅडम. कामात हयगय."

"तिच्या कॉलरी सगळ्यांत जास्त आहेत, सर. हयगय कुठं दाखवू?"

"मग शिस्तभंग लिहा."

"काय केलं ते लिहावं लागेल, सर."

त्यांनी महादेवप्पांना आत बोलावलं. काय काय शिस्त मोडली, सांगा म्हणाले. महादेवप्पांनी टेबलावरच्या बिल्ल्याकडे बघितलं. "काय सांगू सायेब. मीबी जातो की दिवसात चार येळा. मला कुनी बिल्ला मागत न्हाय."

मी माझ्या जागेवर आले आणि टाइप केलं. श्रीमती बुद्धप्रिया सुमित तळभंडारे यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. कारण: संडासला गेली. खाली सहीची जागा सोडली, कागद काढला, सरांसमोर ठेवला.

त्यांनी वाचला. "हे काय? निदान शब्द तरी बदला. वैयक्तिक कारण वगैरे काहीतरी लिहा."

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला आयुष्यभराची सवय. बिल्ल्याची नोटीसही मी अशीच गोड करून लिहिली होती. पण या खेपेला म्हटलं, "कारण तिचं वैयक्तिक नाही, सर. काढताय तुम्ही."

त्यांनी पेन उघडलं. मग तसंच हातात धरून बसले. मी बाहेर आले, खणातली किल्ली घेतली, हॉलमध्ये गेले आणि ती बिल्ल्याच्या रिकाम्या खिळ्यावर टांगली. बायका बघत होत्या. थोड्या वेळानं भुवनेश्वरी उठली आणि काही न घेता, कुणाला न विचारता बाहेर गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या.

अकराच्या सुमारास पृथ्वीराजसर केबिनमधून बाहेर आले. माझ्या टेबलापाशी थांबले. हळूच म्हणाले, "मॅडम, किल्ली?"

"खिळ्यावर आहे, सर. महादेवप्पांच्या मागे."

त्यांना ती आणायला हॉलमधून जावं लागलं. बेचाळीस मशिनींच्या मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकेक मशीन थांबत गेलं. बायकांनी काही केलं नाही, नुसतं बघितलं. त्यांनी किल्ली घेतली आणि खाली मान घालून तसेच सगळ्यांच्या समोरून परत आले. एकच मशीन थांबलं नव्हतं, ते कॉलरचं.

तो कागद माझ्याकडे आहे. सहीची जागा अजून कोरीच आहे.